रॉकेलचा डबा

सखुबाईच्या नवऱ्याचा दहावा होता. मढच्या किनाऱ्यावर पिंड मांडला, पण कावळा काही शिवेना. "दादा, तुझं जाळं मी विणतो," दिराने कबूल केलं. कावळे डोलकाठीवर ढिम्म. "पोरीचं लग्न लावतो." ढिम्म. "रेडिओ घेतो!" दोन कावळे उलट मागे सरकले. "वहिनी, तुझ्यातच जीव अडकलाय त्याचा, तूच बोल," म्हणत त्याने तिला पुढे केलं, तर सगळे उडून माडावर गेले. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. याच वाळूवर वीस वर्षं रॉकेलचा डबा बडवून तिने सुकत्या बोंबलांवरचे कावळे हाकलले होते. आईबापांचं बघून पिलंही तिला घाबरायला शिकली होती. ती गुपचूप होडीमागे जाऊन बसली. "शिवला!" पलीकडे ओरडा झाला. दहा दिवसांत पहिल्यांदाच तिला रडू फुटलं. तिने पदर तोंडात कोंबला. आवाज झाला असता तर कावळे उडाले असते.