विरोधात कोणी?

"हात वर करा, कुंदाताई," शेजारच्या बाकावरून दिगंबरराव दबक्या आवाजात म्हणाले. "महागाई आटोक्यात येईपर्यंतचाच तर प्रश्न आहे."

निवडणुका बेमुदत पुढे ढकलून देशाची सगळी सत्ता एकट्या नेत्याच्या हाती देण्याचा ठराव संसदेपुढे होता. दारादारांत नेत्याचे गणवेशातले स्वयंसेवक लाठ्या घेऊन उभे होते. बाहेर त्याच्या नावाचा जयघोष चालला होता, आणि तो करणारे लोक कुंदाताईंना निवडून देणारेच होते.

ठरावाच्या बाजूने भराभर हात वर झाले; स्वातंत्र्यासाठी कुंदाताईंसोबत तुरुंगात गेलेल्या दिगंबररावांचाही. कुंदाताईंचे हात मांडीवरच राहिले.

"विरोधात कोणी?" सभापतींनी विचारलं.

कुंदाताई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज स्पष्ट निघाला. "माझा विरोध आहे."

एक स्वयंसेवक लाठी आपटत पुढे सरकला. दिगंबररावांनी मान खाली घातली. सभापती क्षणभर कुंदाताईंकडे बघत राहिले, मग नजर वळवून त्यांनी जाहीर केलं, "ठराव एकमताने मंजूर."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुंदाताई खाली बसल्या नाहीत.