ताडकळसच्या बोअरचे दात

ग्राफचे दात काही केल्या जाईनात. रोहिणीने सगळं करून पाहिलं. कॉम्प्युटरने तारखेच्या जागी महिना धरला होता, ते दुरुस्त केलं. रेघ मागे-पुढे धावत गुंता करत होती, ती सरळ झाली. स्क्रीनवरची लाल अक्षरं एकेक करून मिटली. दात मात्र तसेच. रेघ रोज दोनदा बोटभर वर चढायची, दोनदा उतरायची.

ग्राफ होता ताडकळसच्या बोअरमधल्या पाण्याचा. बोअर तिच्या वडिलांच्या शेतातला. मोटार कधीच काढलेली, आत पातळी मोजणारं यंत्र सोडलेलं. तिची अख्खी एम.एस्सी. त्यावर टांगलेली. तिचे गाईड महांतेश सर यांनी सकाळीच बजावलं होतं, दात गेले नाहीत तर यंत्र बिघडलं समजायचं. दुसरा बोअर शोधायचा, वर्षभर पुन्हा मोजायचं. आणखी एक वर्ष घरी कोणत्या तोंडाने मागायचं?

दिवसातून दोनदा लाइट येते तेव्हा शेजारच्या मोटारी पाणी ओढत असतील, असं सगळ्यांचं म्हणणं. आपल्याकडे काहीही बिनसलं की बोट आधी लाइटीकडे जातं. तिनेही तेच धरलं होतं. मग आठवलं, उन्हाळ्यात लाइटीचा डीपी जळाला तेव्हा पंधरवडाभर शिवारात एक मोटार फिरली नव्हती. तिने तेवढेच दिवस मोठे करून पाहिले. दात होतेच, उलट जास्तच स्वच्छ. आणि रोज पाऊण-एक तास उशिरा येत होते.

तेवढ्यात आईचा, केशरबाईंचा फोन आला. उद्या पौर्णिमा, विहारात वंदनेला येतेस ना, असं केशरबाई विचारत होत्या. रोहिणी येते म्हणाली आणि तिला आठवलं, चंद्रही रोज एवढाच उशिरा उगवतो. तिने कॅलेंडर काढलं. वर्षभरातल्या पौर्णिमा-अमावास्या ग्राफवर नोंदवल्या. सगळ्यांत मोठे दात नेमके त्यांच्या आसपास. मधल्या अष्टमीला अगदी बारीक. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. मग तिला चक्क रडू फुटलं, आणि ते वर्ष वाचल्याचं नव्हतं, समोर जे दिसत होतं त्याचं होतं.

महांतेश सर आले. दात अजून जागेवर बघून त्यांचा चेहरा पडला.

"चूक सापडली न्हाई म्हणायची."

"चूक न्हाईच, सर," तिने डोळे पुसले. "चंद्र खालचा खडक ओढायलाय. आपल्या ताडकळसच्या बोअरला रोज दोनदा भरती यायलीय."