चौदा अक्षरं

पासवर्डच्या चौकटीखालची पट्टी सहाव्या अक्षरापर्यंत लाल होती, दहाव्याला पिवळी झाली आणि चौदाव्याला हिरवी. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

सायबर सुरक्षेचा हा मोफत ऑनलाइन कोर्स तिच्यासाठी नवऱ्यानेच शोधला होता. "तू पडलीस भोळी, कोणीही टोपी घालेल," म्हणून. तिचं मेलचं खातंही त्यानेच उघडून दिलेलं, त्यामुळे तिची पत्रं आधी तो वाचायचा. गेल्या वर्षी प्रयोगशाळेतल्या नोकरीचं पत्र आलं, तेव्हा "घरामुळे जमणार नाही" असं उत्तर त्याने परस्पर धाडून दिलं होतं. आज तिथूनच पुन्हा विचारणा आली होती.

संध्याकाळी तो फोन घेऊन तिच्यापाशी आला. "अगं, तुझा मेल उघडत नाहीये. काय करून ठेवलंस?"

"पहिला धडा केला. आपला पासवर्ड दुसऱ्या कोणाला माहीत असेल, तर आधी तो बदलायचा."

तो हसला. "शहाणी झालीस की! बरं, नवा सांग."

"नाही सांगणार." हे इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. "आणि सोमवारपासून मी प्रयोगशाळेत कामाला जातेय."