सुईची जागा

"सरक जरा," म्हणत ताईने खुर्ची ओढली आणि धाकटीच्या शेजारी बसून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

प्रयोगशाळेत सगळे त्यांना ताई आणि धाकटी म्हणत. प्लास्टिकमध्ये मातीचे अतिसूक्ष्म कण मिसळून ताईने एक नवा पदार्थ बनवला होता. हिऱ्याच्या टोकाची सुई त्यात जेमतेम रुतवायची आणि पदार्थ किती कठीण आहे ते मोजायचं, असं हे काम. ताईचा आकडा असा झकास आला होता की सर येईल त्या पाहुण्याला तो ऐकवत. तिचा प्रबंध बांधून तयार होता, सोमवारी द्यायचा होता. धाकटीने तेच काम पुढे न्यायचं होतं, पण महिनाभर मोजूनही तिचा आकडा निम्माच येत होता. "हाताला गुण नाही तुझ्या," असं सर तोंडावर म्हणाले होते. आज जमलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

"बघ हं." ताईने नमुना हलकेच सरकवला. "इथे नको... इथेही नको... हं, इथे." सुई खाली गेली, वर आली. पडद्यावर तोच जुना भरभक्कम आकडा. "झालं! उगाच जिवाला घोर लावून घेतलास."

धाकटी शेजारच्या पडद्यावर सूक्ष्मदर्शकातलं चित्र बघत होती. ताई जिथे 'इथे' म्हणाली, तिथे एक पुसटसा काळपट ठिपका होता. पिठात गुठळी राहावी तसे कण तिथे गोळा झाले होते.

"ताई, आधीच्या जागा का नको म्हणालीस?"

"बरोबर वाटल्या नाहीत. चार वर्षांत नजर बसते गं."

"एकदा न बघता टोचू या? मशीनलाच ठरवू दे जागा."

"घे, हौस भागवून घे," ताई हसली.

मशीन सारखं अंतर ठेवून टोचत गेलं. निम्मा. पुन्हा निम्मा. पुढचा त्याहून थोडा कमीच. ताईचं हसू ओसरत गेलं. तिने स्वतः टोचलेल्या सुईच्या जुन्या खुणा पडद्यावर आणल्या आणि एकेक मोठी करून बघितली. सगळ्या ठिपक्यांवर. तिने कधी लबाडी केली नव्हती. चांगला आकडा आला की तिला आनंद व्हायचा, आणि नजर आपोआप त्या आनंदामागे जायला शिकली होती.

"मी नुसत्या गुठळ्या मोजल्या," ती म्हणाली. "चार वर्षं."

आपलं खरं ठरलं की जिवात जीव येईल, असं धाकटीला वाटलं होतं. पण तसं झालं नाही. तिला या कामावर घ्यावं म्हणून सरांशी भांडली होती ती हीच ताई.

मशीनची सुई शेवटच्या जागी खाली गेली. तेवढ्यात सर दार ढकलून आत आले आणि दारातच थबकले. सुई रुतलेली असताना इथे कुणी बोलायचं नाही, पाऊलही उचलायचं नाही. एवढ्यातेवढ्यानेही आकडा बिघडतो. सुई सावकाश वर येत होती आणि धाकटीला वाटत होतं, ही कधी वर येऊच नये.

सुई वर आली.

"काय, आला का आकडा?" सरांनी विचारलं.

"आला, सर," धाकटी घाईघाईने म्हणाली. "माझीच चूक होती. नमुना नीट बसवत नव्हते. ताईने दाखवलं."

"तरी मी म्हणतच होतो!"

ताईने पडद्यावरची नजर काढली. डोळे भरले होते, आवाज मात्र रोजचाच होता.

"बसा जरा, सर. महिन्याभरात हिने आज पहिल्यांदाच चुकीचं सांगितलंय."