तीन देश, तीन बाक

"तो बघा, तो बघा जिना!" आजोबा खुर्चीतून अर्धे उठलेच. टीव्हीच्या पडद्यावर दहा वर्षांपूर्वीच्या परदेशवारीचे फोटो सरकत होते आणि मनोऱ्याचा फोटो आला होता. "तीनशे अकरा पायऱ्या! वर पोचलो आणि खाली ती नदी… काय सांगू! माणसं मुंगीएवढी."

आजोबांची नदी दर वेळी थोडी रुंद होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी टोकत नसे. पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच शहरात जायचं ठरलं होतं. नात तेव्हा तीन वर्षांची होती, बापाच्या खांद्यावर बसून मनोरा चढली होती आणि तिला त्यातलं काडीइतकंही आठवत नव्हतं. म्हणून आजची दुपार फोटोंना आणि बेतांना दिलेली.

"आजी, तुला काय आठवतं गं?" नातीनं विचारलं.

"बाक," आजी म्हणाली. "हिरवा होता. एक फळी निखळलेली. माझ्या शेजारी सात बॅगा आणि चार कोट. एका पोराचा घोळणा फुटला, तो थांबवला."

सगळे हसले. आजीनं तीस वर्षं इस्पितळात सिस्टर म्हणून काढलेली. ती चंद्रावर गेली तरी तिला पेशंट सापडेल, ही घरातली जुनी थट्टा.

"आणि किल्ला?"

"तिथला बाक दगडी. गारठा नुसता. काचेच्या पुलापाशी होता तो लोखंडी, त्याला पाठ नव्हती."

तीन देश झाले होते आणि आजीला तीन बाक पाठ होते. या वेळी मात्र फार मोठ्यानं कुणी हसलं नाही. सुनेनं रिमोट उचलला आणि उगीचच पुढचे दोन फोटो भराभर सरकवले.

"चला, मनोऱ्याची तिकिटं काढून टाकू," मुलगा लॅपटॉप मांडीवर घेत म्हणाला. "अकराची वेळ मिळतेय. चार."

"पाच," आजी म्हणाली.

"आई, तीनशे अकरा पायऱ्या आहेत. तुला त्रास नको म्हणून…"

"आपल्या इमारतीच्या नऊ मजल्यांच्या एकशे बासष्ट होतात. गेले चार महिने रोज सकाळी दोनदा चढते. तीनशे चोवीस. तुझा मनोरा माझ्यापेक्षा तेरा पायऱ्यांनी बुटका आहे."

"म्हणून वॉचमन मला विचारत होता, लिफ्ट बंद आहे का म्हणून!" सून म्हणाली. "आई, तुम्ही तर सांगत होतात, बागेत फिरायला जाते!"

"बागेत कसली फिरतेय! तिथे बाकच बाक."

आजोबांना हे काही पचेना. "अगं, पण गुडघे? त्यांचं काय म्हणणं?"

"त्यांना विचारलंय. कुरकुरतात आणि चढतात. तुमच्यासारखेच."

नात फिसकन हसली. आजोबांनी तिच्याकडे डोळे वटारले आणि मग जे सगळ्यांच्या मनात होतं तेच त्यांच्या तोंडून निघालं. "पण मग बॅगा? वर बॅगा नेऊ देत नाहीत."

मुलगा पडद्याकडे बघत राहिला. तोवर नातीनं आपल्या फोनवर शोधाशोध केली होती. "अहो आजोबा, तिथे सामान ठेवायला कपाटं आहेत. भाड्यानं मिळतात. तिकीट खिडकीच्या अगदी बाजूला. हे बघा, कितीतरी वर्षांपासून आहेत."

"आहेत की," आजी म्हणाली. "निळ्या दारांची. माझ्या बाकाच्या बरोब्बर समोर."

मुलानं मान वर केली. "मग आई, तेव्हा का नाही बोललीस?"

"कुणी विचारलं नाही. तुम्ही आलात, बॅगा ठेवल्यात, आई आहेच म्हणालात आणि गेलात. मीही म्हटलं, असू दे. दोन तास त्या दारांकडे बघत बसले. लोक यायचे, सामान आत टाकायचे, किल्ली खिशात घालायचे आणि वर जायचे. राग आला होता. तुमचा कमी, माझाच जास्त. वॉर्डात डॉक्टरांनासुद्धा ऐकवायची मी. आणि तिथे तोंडाला कुलूप!"

"आई, मी…" मुलगा तिच्याकडे वळला.

"रडगाणं नको. पाचवं तिकीट काढ. अकराचं भरलं तर सकाळी आठचं घे, तेही भरलं तर मी एकटी दुसऱ्या दिवशी जाईन. पण जाणार."

आजोबा खुर्चीत नीट टेकून बसले. "पाच घे रे," ते म्हणाले. "ती चढणार. मी ओळखतो तिला."

मुलानं आकडा बदलला. पाचही तिकिटं अकराचीच मिळाली. नावं भरली, वयं भरली. पासष्टच्या वरच्यांसाठी आणखी एक चौकट उघडली. आजोबांच्या नावापुढे त्यानं न वाचताच खूण केली. आईच्या नावापुढे मात्र त्याचं बोट थांबलं.

"काय लिहिलंय?" आजीनं चष्मा चढवला.

"काही नाही गं. म्हणजे… वर जाताना काही झालं तर ते लोक बांधील नाहीत. आपण आपल्या जबाबदारीवर चढायचं, एवढंच."

आजीनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"एवढी वर्षं अख्ख्या घराची घेतली," ती म्हणाली. "माझ्या एकटीची कितीशी जड असणार?"

आणि तिनंच खूण केली.