बत्तीस झोपाळू प्रोसेस

यादीत बत्तीस प्रोसेस, म्हणजे सर्व्हरवर सतत चालणारे छोटे प्रोग्राम होते आणि सगळे त्याच्या सहकारी ताईंच्या नावावर होते. ताईंचा आज शेवटचा दिवस, बारा वाजेपर्यंत त्या प्रोसेस बंद करायच्या होत्या. ताई खाली ओळखपत्र जमा करायला गेल्या होत्या. समोरच्या खुर्चीवर त्यांचा स्वेटर अजून तसाच होता. सर्व्हरच्या खोलीत बाराही महिने गारठा असतो. त्याने स्वेटरकडे पाहायचं टाळलं.

संस्थेत बत्तीस सर्व्हर होते. रोज दुपारी चारच्या आत ते सगळे मिळून नद्यांच्या पाण्याचा अंदाज काढत. सगळ्यांच्या फाइली एकाच सामायिक फोल्डरमध्ये. एक सर्व्हर फाइलीत लिहायला लागला की तिला कुलूप लावतो, बाकीचे थांबतात, लिहून झालं की तो कुलूप सोडतो. ही सगळी व्यवस्था त्याची होती. फुकट मिळणारा, कुणीही उघडून वाचावा असा एक प्रोग्राम घेऊन, त्यात स्वतःची भर घालून त्याने तो इथे बसवला होता. त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून फोल्डर एकदाही अडला नव्हता. हे तो दर बैठकीत सांगायचा. कुणी न विचारताही सांगायचा.

जागा दोन होत्या, यंदापासून एकच राहणार होती. साहेबांनी दोघांकडे आपापल्या कामाचं टिपण मागितलं. ताईंनी अर्धं पान दिलं. त्याने बारा पानं दिली, आणि त्यातलं एक पान ताईंबद्दल होतं. घरी दोन लहान मुलं, अंथरुणाला खिळलेले वडील, मग माणसाने करायचं काय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. ताईंच्याही घरी म्हातारी आई होती. समजूत घालताना तेवढं तो सोडून द्यायचा.

त्या पानावर लिहिलं होतं: प्रत्येक सर्व्हरवर यांची एकेक प्रोसेस चालू असते. दर दहा मिनिटांनी ती जागी होते, फोल्डरमध्ये डोकावते आणि पुन्हा झोपते. वर्षभरात एक टक्का वेळही ती कामात नसते. आकडे खरे होते. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि याचा त्याला अभिमानही वाटला होता.

साहेबांनी भर बैठकीत विचारलं, "ताई, या प्रोसेस करतात तरी काय?"

"राखण करतात."

"म्हणजे पगारी झोप," साहेब म्हणाले. सगळे हसले. तोही हसला.

नंतर त्याचं मन खायला लागलं. त्याने ताईंना जिन्यात गाठलं. "ताई, तुम्ही नीट सांगितलं का नाहीत?"

"मी सांगितलं तर जागेसाठी भांडतेय असं दिसेल. कोड उघडाच आहे. तू वाच, आणि तूच सांग साहेबांना."

"वाचतो," तो म्हणाला.

या गोष्टीला महिना झाला. वाचायचं राहून गेलं. खरं म्हणजे त्याने ते राहू दिलं. उघडून पाहावं आणि त्यात काही कामाचं निघावं, याची त्याला धास्ती होती.

बाराला दहा कमी असताना त्याने एक आज्ञा दिली आणि बत्तीसही एका दमात बंद पडल्या. पाठोपाठ ताईंचं खातंही बंद केलं. ताई वर आल्या, त्यांनी स्वेटर घडी करून पिशवीत घातला.

"येते रे. बाबांना जप."

"हो ताई," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

सव्वा वाजता पहिला फोन आला. तिसऱ्या मजल्यावर एका शास्त्रज्ञाची फाइल उघडत नव्हती. मग दुसरा आला, तिसरा आला. दोनपर्यंत एकोणीस सर्व्हर नुसते ताटकळत बसले होते. मधेच एक सर्व्हर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाला होता आणि त्याने लावलेलं कुलूप तसंच राहिलं होतं. चारचा अंदाज बोंबलणार हे दिसत होतं. साहेब स्वतः येऊन त्याच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"असं याआधी कधी झालेलं नाही ना?"

"कधीच नाही, साहेब."

आज सकाळपासून बदललेली गोष्ट एकच होती. त्याने ताईंच्या प्रोसेसच्या कोडची फाइल उघडली. जेमतेम चाळीस ओळी. अडकलेलं कुलूप शोधायचं, सोडायचं, नोंद करून ठेवायची. नोंदी चौदा हजारांवर होत्या. पहिली नोंद नऊ वर्षांपूर्वीची, त्याची व्यवस्था सुरू झाली त्याच आठवड्यातली.

सगळ्यात वर ताईंनी चार वाक्यांचं टिपण लिहून ठेवलं होतं. तो पडदा झाकायला पुढे सरकला, पण साहेब त्याच्या खांद्यावरून केव्हाच वाचायला लागले होते.

'नव्या मुलाचा प्रोग्राम कधीकधी कुलूप सोडायला विसरतो. शिकेल हळूहळू. अजून नोकरीत कायम झालेला नाही, साहेबांना कळलं तर घालवतील. म्हणून तोवर हे माझ्या नावावर चालू ठेवते.'