काळी-पांढरी दोरी

"सुरी रौशनच्या हातात दे," आजी म्हणाली, आणि तोल्गनायनं पुढे केलेला हात शालीखाली नेला.

घर माणसांनी भरलं होतं. दस्तरखानावर कणकेचे तळलेले बाउरसाक, घोड्याच्या मांसाचे काप, दुधाचा चहा. मधल्या मोकळ्या जागेत पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर एक वर्षाची मेरेय उभी होती, पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधलेली. मूल पावलं टाकायला लागलं की ही दोरी कापायची, म्हणजे त्याची वाट मोकळी होते. कापणाऱ्या बाईची चाल मुलात उतरते, म्हणून सुरी देताना बाई पारखून घेतात.

"आजी, मी तोल्गनायला शब्द दिला होता," मेरेयची आई सालिमा दबक्या आवाजात म्हणाली. "ही पोटात होती तेव्हाच."

"तेव्हा आपली तोल्गनाय स्केटिंगची चॅम्पियन होती. आता अख्ख्या देशानं तिला टीव्हीवर पडताना बघितलंय." दबका आवाज आजीला माहीतच नव्हता. "नात माझीच आहे, मला काय वाईट वाटत नाही? पण अडखळणाऱ्या बाईला सुरी देत नाहीत. ही रौशन बघ, बाजाराच्या पिशव्या घेऊन पाचव्या मजल्यावर चढते, ते पण भांडत भांडत."

"लिफ्ट बंद असते म्हणून. मला काय हौस आहे?" शेजारची रौशन म्हणाली.

सगळे हसले. तोल्गनायही हसली. न हसून करते काय!

तिची खुर्ची खिडकीशी होती आणि कुबडी दाराशी. ओसाकाच्या स्पर्धेत तिनं उडी घेतली आणि उतरताना गुडघा गेला. चालशील, पण उड्यांचं विसर, असं ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले होते. ती विसरत नव्हती. अल्माटीत कुठल्याही खिडकीतून डोंगरावरचा बर्फ दिसतोच, आणि तो दिसला की तिचे तळपाय शिवशिवायचे. सादरीकरण संपल्यावर प्रेक्षक बर्फावर कापडी खेळणी फेकायचे आणि ती वाकून एकेक उचलायची; ते वाकणंसुद्धा तिला हवं होतं. ते मिळणार नसेल, तर निदान ही दोरी तरी. या पोरीच्या पायांत आपलं काहीतरी उतरावं, एवढंच तिनं मागितलं होतं.

रौशननं बिस्मिल्ला म्हटलं आणि दोरी कापली. बायकांनी ओंजळी भरभरून चॉकलेटं उधळली, पोरं त्यावर तुटून पडली. दोन बायकांनी मेरेयचे हात धरून तिला पट्टीवरून चालवत नेलं. पट्टीच्या टोकाशी हात सुटले, आणि मेरेय एका चॉकलेटवर पाय देऊन धपकन पडली.

आजच्या दिवशी पडणं चांगलं नाही, हे कुणी बोलायची गरज नव्हती. सालिमा धावली.

"हात लावू नकोस, वहिनी," तोल्गनाय खुर्चीतून म्हणाली. "उठेल ती."

मेरेय रडली नाही. आधी तिनं ते चॉकलेट मुठीत घेतलं. मग कुशीवर वळली, एक गुडघा टेकला, दुसरं पाऊल पुढे रोवलं. क्षणभर थांबून तिनं पुढच्या गुडघ्यावर तळहातानं दोनदा थापटलं, "हं" केलं, आणि उठली.

कुणीतरी फिस्सकन हसलं. हे थापटणं त्या घरात सगळ्यांच्या ओळखीचं होतं. हिवाळाभर रोज सकाळी तोल्गनाय गालिच्यावर व्यायाम करायची, अशीच कुशीवर वळायची, दुखऱ्या गुडघ्यावर दोनदा थापटून "हं" म्हणायची आणि उठायची. मेरेय शेजारी लोळत असायची.

"घ्या! सुरी माझ्या हातात आणि चाल भलतीचीच," रौशन म्हणाली.

आजीनं दोरीचे तुकडे गोळा करून गाठ मारली. मग कण्हत कण्हत खुर्चीसमोर जमिनीवर बसली आणि तोल्गनायच्या दोन्ही पायांभोवती ती दोरी बांधू लागली.

"आजी, अगं हे काय? मी काय लहान आहे?"

"पाय हलवू नकोस."

आजीनं मेरेयच्या चिकट मुठीत सुरी दिली आणि वरून आपली मूठ आवळली. दोरी कापेना. दोघींनी मिळून ती घासून घासून तोडली.

"मला परत बर्फावर जाता येईल, आजी?" तोल्गनायनं विचारलं.

"ते मला काय माहीत? मी डॉक्टर आहे का?" आजीनं डोळे पुसले. "दोरी कापायची ती मी कापली."

उधळायला आता काही उरलं नव्हतं. मेरेयनं हातातलं चेपलेलं चॉकलेट एकदा बघितलं आणि फेकलं. ते पांढऱ्या पट्टीच्या मधोमध जाऊन पडलं. रौशन कुबडी आणायला दाराकडे वळली, तशी आजीनं तिची ओढणी धरून तिला थांबवलं.

"तुझ्यासाठी फेकलंय," आजी तोल्गनायला म्हणाली. "उचल."

तोल्गनायनं गुडघ्यावर दोनदा थापटलं.